वज्राबाईला जायचंय ना? मग ऐक

अगं, एका दमात केवढे प्रश्न! साडीच नेसायला हवी का, ओटीत नेमकं काय काय घालायचं, सासूबाईंच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपतील का, लेक गरम पाण्याच्या कुंडात उतरायचा हट्ट धरून बसला तर काय करायचं, आणि वसईगावातली तुझी ख्रिस्ती मैत्रीण बरोबर येतेय, तिला कोणी काही बोलणार तर नाही ना. त्यात तुला चांदीपला राहायला येऊन अजून वर्षही झालं नाही, शेजारच्या बायकांना विचारायचं तर संकोच वाटतो म्हणतेस. बघ, घर सांभाळून रोज विरारहून लोकल पकडणारी बाई तू. एका देवदर्शनाने हबकून जावंस असं यात काहीच नाही. बस जरा, एकेक करून सांगते.

आधी दिवस ठरव. नवरात्रात आणि चैत्राच्या जत्रेत पहिल्यांदा जाऊ नकोस, निदान सासूबाई आणि लहान पोर बरोबर असताना तरी नकोच. जत्रा चैत्र वद्य चतुर्दशीला सुरू होते, अमावास्येला देवीची मोठी पूजा आणि दिव्यांचा मान असतो, आणि दुसऱ्या दिवशी पालखी निघते. ती पालखी एकदा बघावीच अशी आहे, पण ती हातात पोर नसताना. मंगळवार, शुक्रवार हे देवीचे वार, रविवार सुट्टीचा. तेव्हा गर्दी धरूनच चाल. तू एक साधा बुधवार-गुरुवार बघ, हापिसातून रजा काढ आणि सकाळी लवकर निघ. वैशाखातल्या उन्हात दुपारी जाशील तर तो दगड तळपायांना नुसता भाजून काढतो. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस सगळ्यात सुखाचे. पावसाळ्याबद्दल पुढे सांगते, कारण तिथे नदीचा प्रश्न येतो.

रस्ता तर तुझ्या दारातलाच. शिरसाड-अंबाडी रस्ता धरायचा आणि पारोळ, उसगावच्या बाजूने आत जात राहायचं. उजवीकडे तुंगारेश्वरचे डोंगर, डावीकडे अधूनमधून तानसा नदीचा पट्टा. अंतर फार नाही, पण खड्ड्यांचं काही सांगता येत नाही, म्हणून सासूबाईंना पुढच्या सीटवर बसव आणि पाठीला उशी दे. एसटीने जाणार असशील तर परतीच्या गाडीची वेळ उतरल्याउतरल्या विचारून ठेव. शेवटची गाडी किती वाजता, हे दर्शनाच्या आधी कळलं की मन शांत राहतं. आणखी एक गंमत तुला माहीत आहे का? २०१४ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा वेगळा झाला, आपण पालघरात आलो आणि वज्राबाई ठाण्यातच, भिवंडी तालुक्यात राहिली. इकडच्या बायकांना काही फरक पडला नाही. नवस बोलायला, जावळ काढायला, नवी सून दाखवायला त्या अजून तिथेच जातात.

आता त्या देवळाची गोष्ट नीट ऐकून घे. ती माहीत असली की तुझे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील. देऊळ एका टेकाडावर आहे, मंदागिरी म्हणतात त्याला. बावन्न पायऱ्या. भोवती दगडी तट, पुढे भक्कम दरवाजा आणि वर नगारखाना. खालून बघितलंस तर क्षणभर वाटेल, आपण गडावर आलो की देवळात? तसं वाटायला कारण आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. दोनशे वर्षांनी चिमाजीअप्पा मराठी फौज घेऊन उतरले. मोहीम लांबली, माणसं पडत होती, किल्ला काही हाती येईना. तेव्हा अप्पांचा या भागात तळ होता, आणि त्यांनी देवीला नवस बोलला असं परंपरेने सांगतात: किल्ला मिळू दे, तुझं देऊळ त्या किल्ल्यासारखं बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. अप्पांच्या सांगण्यावरून सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांनी देऊळ उभं केलं. नगारखान्याच्या दरवाज्याचं माप वसईच्या किल्ल्याच्या दरवाज्याइतकं आहे असंही सांगतात. तू किल्ल्यात गेलेली आहेसच, तेव्हा दरवाज्याखाली उभी राहून मान वर करून बघ आणि तूच ठरव.

देवीचं मूळ ठाणं मात्र इथलं नाही बरं का. ते गुंज नावाच्या गावी होतं. पोर्तुगीजांच्या काळात ते देऊळ मोडलं, आणि देवी या वडवलीच्या परिसरात आली, अशी आठवण लोक सांगत आलेत. म्हणजे बघ, घर सोडावं लागलेली देवी आहे ती. इथल्या कितीतरी कुटुंबांची ती कुलदेवता. आगरी, कोळी, वाडवळ, आदिवासी पाड्यांवरच्या बायका, मुंबईत गेलेली पोरं, सगळे येतात. तिला मोठ्याने वज्रेश्वरी कोणी म्हणत नाही. घरात, वाटेत, रडताना, सगळीकडे वज्राबाईच.

आणि म्हणूनच सांगते, तिथे पोचल्यावर सगळ्यात आधी काय करायचं. काहीच नाही. पायथ्याशी पाच मिनिटं थांबायचं आणि बघायचं. बायका चपला कुठे ठेवतायत, पदर कधी डोक्यावर घेतायत, नारळ कुठे वाढवतायत, कोण कोणाला वाट देतंय. खरं सांगू का, तुझ्या यादीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या पाच मिनिटांत मिळतील, कोणाला न विचारता. तू तिथे हौसेने, ओढीने चाललीस. तुझ्या पुढे रांगेत उभी असलेली बाई कदाचित आजारी पोराचा नवस फेडायला आलेली असेल, उसने पैसे घेऊन, दोन गाड्या बदलून. तिला आधी वाट दे. तिच्या पूजेच्या मध्ये उभी राहू नकोस, तिच्या रडण्याकडे टक लावून बघू नकोस, फोन तर तिच्याकडे रोखूच नकोस. मान राखणं म्हणजे मला तरी एवढंच कळतं. बाकी सगळं, साडीपासून सुपारीपर्यंत, त्याच्या मागून येतं.

साडीचंही सांगून टाकते. नेसलीस तर छान, नाही नेसलीस तरी चालेल. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, कपडा सुती असावा, आणि ओढणी अशी हवी की पायऱ्या चढताना पायात येणार नाही. नवी कोरी काठपदराची नेसून पोराला कडेवर घेऊन बावन्न पायऱ्या चढायच्या म्हणजे हाल. रोजच्या वापरातली एखादी जुनी, अंगावर बसलेली सुती साडी काढ. चपला, ज्या बाईकडून फुलं घेशील तिच्याच ओट्याखाली ठेव. तिला दोन पैसे मिळतात आणि तुझ्या चपला जागेवर राहतात.

पायऱ्यांना घाबरू नकोस. सासूबाईंना घाई करायची नाही, इतकंच. पाच-सात पायऱ्या, मग कठड्याकडेला उभं राहायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. उजवा हात त्यांच्या कोपराखाली असू दे, दंड धरून ओढू नकोस. उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो, तेव्हा तू त्यांच्या एक पायरी खाली राहा. पिशवी मैत्रिणीकडे दे, लेकाचा हात तिच्याकडेच दे. आणि चढताना एका पायरीवर सोनेरी कासव दिसेल, ते चुकवू नकोस. दगडातच बसवलेलं आहे. लोक ते कूर्मावतार म्हणून पुजतात, हळदकुंकू वाहतात. लेकाला आधीच सांगून ठेव, बाळा, एक कासव शोधायचंय, पण त्याच्यावर पाय द्यायचा नाही, बाजूने जायचं, वाकून नमस्कार करायचा. मुलांना ‘नको’ म्हटलं की ती चिडतात, शोधायला सांगितलं की कशी शहाण्यासारखी वागतात. कासवापाशी सासूबाईही आपसूक टेकतील, थोडी विश्रांती होईल.

ओटीचं सामान घरूनच घेऊन जा. एक खण, जमलं तर साडी, नाहीतर नुसता खण पुरे. शेंडीचा नारळ, दोन ओंजळी तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हळदकुंकवाच्या पुड्या, एक वेणी किंवा गजरा, आणि थोडी दक्षिणा. तांदूळ पातळ पिशवीतून नेऊ नकोस, बारीक झिपलॉकमधून तर नकोच. एका स्वच्छ रुमालात बांध आणि रुमाल परत आण. तिथे वर सगळ्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कुठे जातात ते तूच बघशील, आणि मग तुला सांगावं लागणार नाही. ओटी भरताना खण खाली, त्यावर नारळ, शेंडी देवीकडे, बाजूला हळकुंड-सुपारी, वरून तांदळाची ओंजळ. ताट दोन्ही हातांनी छातीपाशी धरायचं, मनातलं काय ते मनात बोलायचं आणि पुजाऱ्यांच्या हातात द्यायचं. एखादी वस्तू राहिली तर राहिली. दारातल्या फुलवाल्या मावशीकडे जे मिळेल ते घे, नाहीतर नुसती हळदकुंकवाची बोटं वाहा. देवी ताटातल्या वस्तू मोजत बसत नाही.

आता एक नाजूक गोष्ट, आणि ती तू विचारली नाहीस, पण माझ्या मनात आहे. तुझ्या सासूबाई. मामंजी गेल्यापासून त्या हळदकुंकवाला बाजूला बसतात ना? त्या तिथेही मागे उभ्या राहतील, तुला म्हणतील, ‘तू भर गं, मी बघते.’ ऐकू नकोस. ताट त्यांच्या हातात दे. आधी घरीच बोल त्यांच्याशी, देवळात सगळ्यांसमोर आग्रह करून त्यांना अवघडवू नकोस. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, तिला सणासमारंभातून दूर ठेवायचं नाही. शिरोळ तालुक्यातलं साधं शेतकऱ्यांचं गाव ते. नंतर सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितला. गावकीला जे कळलं ते आपल्या घरात कळायला काय हरकत आहे? शिवाय गाभाऱ्यात वज्राबाईच्या बाजूला रेणुका आहे, परशुरामाची आई. जमदग्नी गेल्यावरची तिची कथा सासूबाईंना तुझ्यापेक्षा चांगली येते. रेणुकेपुढे कोणत्या आईने मागे उभं राहायचं? त्या ‘नको’च म्हणाल्या तर मात्र तिथेच थांब. त्यांचं मन त्यांचं आहे. पण एकदा विचारलेलं असू दे.

पाळीचाही विचार आधीच करून टाक, ऐनवेळी गाडीत कुजबुज नको. दारात कोणी हा प्रश्न विचारत नाही. तुझ्या घरी पाळतात, तुलाही पाळायचं असेल, तर तारीख बघून दिवस ठरव. तुला पाळायचं नसेल तर तू तुझ्या मनाशी प्रामाणिक राहून जा. दोन्ही वागण्यांत देवीचा अपमान नाही. फक्त सासूबाईंच्या नकळत त्यांना दुखावेल असं काही करू नकोस. जे करशील ते त्यांना सांगून कर, नाहीतर तो दिवस पुढे ढकल.

गाभाऱ्यात बघ, मधली शेंदरी मूर्ती वज्राबाईची. हातात तलवार आणि गदा, बाजूला त्रिशूळ. शेजारी रेणुका आणि वणीची सप्तशृंगी, दुसऱ्या बाजूला ग्रामदेवता कालिका आणि परशुधारी परशुराम. चांदीचे मुकुट, चांदीची छत्रं. बाहेर सभामंडपात गणपती, भैरव, मारुती, आणि देवीचं वाहन मानतात तो संगमरवरी सिंह. लेक विचारेल, ‘आई, हिचं नाव वज्रेश्वरी का?’ तर सांग त्याला: वसिष्ठांच्या यज्ञात मान मिळाला नाही म्हणून इंद्राने रागाने वज्र फेकलं, आणि देवीने ते गिळून टाकलं. एवढ्याने तो खूश होईल. मोठ्या माणसांसाठीही मला ती कथा आवडते. शस्त्र फेकणाऱ्याला हरवलं नाही, त्याचं शस्त्रच पोटात घेतलं.

गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही. बाहेर तटाचा, दीपमाळेचा, पायऱ्यांचा काढ हवा तेवढा, पण माणसं पूजा करत असतील तर आधी विचार. दर्शनाला तुझी पाळी आली की दोन क्षणांत नमस्कार करून पुढे हो. डोळे भरून बघायचं असेल तर मंडपात खांबाला टेकून बस, तिथून मूर्ती दिसते आणि कोणाची वाट अडत नाही. सासूबाईंना तर अर्धा तास बसू देच. घाईच्या दर्शनाने त्यांचं समाधान होत नाही, हे तुला घरी पुढचे आठ दिवस ऐकावं लागेल, मला माहीत आहे.

पैशांचं म्हणशील तर सुट्टे जवळ ठेव. पेटीत काय टाकायचं, ताटात काय ठेवायचं ते घरून निघतानाच ठरव आणि वेगळ्या कप्प्यात ठेव, म्हणजे कोणी अभिषेकाचं, विशेष पूजेचं विचारलं की तू गोंधळणार नाहीस. ‘आज नुसतं दर्शन’ एवढं हसून सांगितलं की पुरतं. खाली रानभाजी, करवंदं, ताडगोळे, जे त्या ऋतूत असेल ते घेऊन बसलेल्या आदिवासी बायका दिसल्या तर त्यांच्याशी घासाघीस करू नकोस गं. पाड्यावरून पहाटे निघून डोक्यावर टोपली घेऊन आलेल्या असतात त्या.

आता तुझी मैत्रीण. बघ, वसईचे ख्रिस्ती आपलेच लोक. तिच्या घरात मराठीच बोलतात, तिची आजी लुगडं नेसायची, शेजारच्या घरी गणपती बसला की ती जाते. देवळात कसं उभं राहायचं ते तिला शिकवायची गरज नाही. दोनच गोष्टी तिला आधी विचार. तीर्थ, अंगारा, प्रसाद घ्यायला तिला बरं वाटेल का? नाही म्हणाली तर तू तिच्या आधी हात पुढे करून तिचा प्रसाद स्वतःच्या हातात घे, म्हणजे पुजाऱ्यांनाही वाईट वाटत नाही आणि तिलाही अवघडल्यासारखं होत नाही. आणि नमस्कार करायचा की नुसतं उभं राहायचं, ते तिच्यावर सोड. तिच्याकडे बघत राहू नकोस.

पण चिमाजीअप्पांची गोष्ट तिच्यासमोर सांगायची की नाही, हा तुझा खरा पेच आहे, हो ना? सांग. सगळी सांग. तिचं गावच त्या किल्ल्याच्या कडेला आहे. पडक्या चर्चमध्ये ती लहानपणी लपाछपी खेळली असेल, तुझ्याहून तिला जास्त ठाऊक असणार. वसई पडल्यावर चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराला आहे, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. हे तिच्यापासून लपवून काय करणार? आणि हेही सांग, की किल्ला पडतानाच्या तहात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना हत्यारांसह, मानाने किल्ल्याबाहेर पडू दिलं. इथे देऊळ मोडलं गेलं, तिथे घंटा उतरल्या. दोघी नगारखान्याखाली उभ्या राहून ही सगळी बाजू बोललात तर तुमची मैत्री घट्टच होईल. तिला वाईट वाटलं तर वाटू दे, तुलाही गुंजच्या देवळाचं वाटतंच की. ‘ते कशाला उकरायचं’ म्हणून गप्प राहणाऱ्या मैत्रिणी एक दिवस एकमेकींच्या घरी जायच्याच थांबतात, हे मी आपल्या तालुक्यात पाहिलंय. म्हणून तळमळीने सांगते.

दर्शन झालं, आता कुंडं. इथे माझं जरा कडक ऐकायचं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, या एवढ्याशा टापूत तानसेच्या काठाने आणि चक्क पात्रातसुद्धा गरम पाण्याचे वीसेक झरे आहेत. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त ते, म्हणून गरम, अशी जुनी समजूत. भूगर्भाचं शास्त्र सांगतं, की पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशी माळच आहे आपल्या किनाऱ्यालगत, इकडे सातिवली-कोकनेर, खाली रत्नागिरीत अरवली, तुरळ, राजापूरचं उन्हाळे. पाण्याला गंधकाचा वास येतो. लेक नाक मुरडेल, तर त्याला आधीच सांगून ठेव.

अकलोलीला रामेश्वराच्या देवळाशी कुंडं आहेत, लोक तिथेच जास्त थांबतात. एक कुंड कोमट, दुसरं हात घालवत नाही असं. म्हणून पाय घालायच्या आधी तळहाताची मागची बाजू पाण्याला लाव, मनगट लाव, मग ठरव. लेकाला तर आत उतरवायचंच नाही. काठावर बसव, तांब्याने त्याच्या पावलांवर पाणी घाल, तेवढ्यावर समजूत काढ. मुलांची कातडी पातळ असते आणि शेवाळलेल्या दगडावरून घसरायला एक क्षण पुरतो. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? मग त्यांनी गुडघ्यापर्यंत पाय सोडून पाच-दहा मिनिटं बसावं, अंगभर आंघोळ नको, आणि एकदम उठू नये. आधी पाणी प्यायला दे, मग हात देऊन उठव. गुडघ्यांना त्या शेकाने बरं वाटतं त्यांना, वाटू दे. पण या पाण्याने रोग पळतो म्हणून कोणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर ऐकायचं नाही, दोघींनीही.

तुला स्वतःला उतरायचं असेल तर अंगभर कपड्यांत उतर, बायकांचा आडोसा कुठे आहे ते तिथल्या बाईला विचार, आणि कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत ठेव. साबण, शांपू, शिकेकाई यातलं काही पाण्यात न्यायचं नाही. तुझ्यानंतर कोणीतरी तेच पाणी कपाळाला लावणार असतं. निर्माल्यही नदीत सोडू नकोस. परत आण आणि घरी तुळशीच्या कुंडीत घाल.

आणि तानसा. उन्हाळ्यात ती इतकी शांत दिसते, की पोरं दगडांवरून पार पलीकडे जातात. पण ती धरणाखालची नदी आहे, हे विसरायचं नाही. वर शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे, १८९२ पासून मुंबई त्याचं पाणी पिते. पावसाळ्यात ते भरून वाहू लागलं की खालच्या गावांना इशारा देतात, कारण आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी पाणी वरून येतं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर देऊळ करा, पण काठाशी उतरायचं नाही, सेल्फीसाठीही नाही. गावातला कोणी ‘पाणी चढतंय, मागे व्हा’ म्हणाला तर कारण विचारत उभी राहू नकोस. तो लहानपणापासून ही नदी बघत आलाय.

एक शेवटचं, कारण मला माहीत आहे तू सगळं एकाच दिवसात बसवायला बघणार. गणेशपुरी जवळच आहे, भीमेश्वराचं देऊळ आणि कुंडं आहेत, नित्यानंद बाबांची समाधी आहे. ८ ऑगस्ट १९६१ ला बाबा तिथेच गेले, आणि अजून देशोदेशीची माणसं येऊन त्या समाधीपाशी तासन्‌तास गप्प बसतात. तिथे धावतपळत जायचं नाही. लेक दुपारी झोपेला आलेला असेल, सासूबाईंचे पाय भरून आलेले असतील, तेव्हा या खेपेला गणेशपुरी राहू दे. दहीभाताचा डबा आणि मेथीचे ठेपले बरोबर घे, सावलीत बसून खा, आणि तीनच्या आत परतीला लाग, म्हणजे संध्याकाळची शिरसाड फाट्यावरची ट्रकांची गर्दी लागायच्या आत चांदीपला पोचशील. बुधवारचं पक्कं झालं की मला सांग, खणासाठी माझ्याकडे इरकली कापड पडून आहे, ते तुझ्याकडे पाठवून देते.